त्याची शेवटी जिरते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मी टाळते. ‘उत्तुंग’ या माझ्या ॲनिमेशन फिल्मचं कच्चं ॲनिमॅटिक, म्हणजे स्थिर चित्रं वेळेत बसवून केलेला आराखडा, ज्यांनी ज्यांनी पाहिला, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकानं हेच विचारलंय, की एवढा माजोरडा सुपरहिरो उभा केलास, मग शेवटी त्याची जिरत कशी नाही? स्टुडिओतल्या सहकाऱ्यांनी विचारलं. फिल्मला थोडे पैसे देऊ म्हणणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं. नवऱ्यानं दोनदा विचारलं. दर वेळी मी वेगळं काहीतरी सांगितलं. ‘शेवट अजून ठरायचाय’ हे त्यातलं सगळ्यांत सोपं. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

आधी हिशेब सांगते, कारण माझी अर्धी अडचण त्या हिशेबातच आहे. फिल्म ६ मिनिटं ४० सेकंदांची, म्हणजे ४०० सेकंद. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, एकूण ४,८००. त्यात उत्तुंगच्या पाठीला केप. अंग थांबलं तरी केप थांबत नाही, ती मागाहून येते, एकदा पुढं जाते, मग विसावते. म्हणून ती वेगळ्या लेयरवर वेगळी काढायची. नोकरी सांभाळून रात्री दहाला बसते ते साडेबारापर्यंत. अशा वेळी प्रत्येक सेकंदाला विचारावं लागतं, की बाबा, तू हवासच का?

माझा हिरो उडत नाही, उड्या मारतो. १९३८ साली कॉमिकमध्ये पहिल्यांदा आलेला सुपरमॅनसुद्धा सुरुवातीला उडत नव्हता, लांबच लांब उड्या मारायचा. मला ते सोयीचं वाटलं. उडणाऱ्या माणसाला वजन राहत नाही. उडी मारणाऱ्याला आधी गुडघ्यात वाकावं लागतं आणि नंतर जमिनीवर यावं लागतं, आणि गर्व दिसतो तो जमिनीवर आल्यानंतर. उत्तुंग उतरला की हनुवटी वर करून पोझ धरतो आणि टाळ्यांची वाट बघतो. दीड सेकंद, ३६ फ्रेम. त्या वेळात फक्त केप हलते. संपूर्ण फिल्ममध्ये मला सगळ्यांत जास्त अभिमान या ३६ फ्रेमचा आहे.

ती हनुवटी माझ्या काकांची आहे.

सांगलीचा २०१९ चा पूर तुम्हाला माहीत आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड सगळं पाण्याखाली. काकांचं दुकान हरभट रोडला, त्यात छातीभर पाणी. ते सोडून काका पहिले दोन दिवस एका होडीत बसून गल्ल्यागल्ल्यांतून माणसं काढत होते. बाहेरच्या पथकांच्या बोटी आमच्या गल्लीपर्यंत पोचल्या त्या नंतर. हे सगळं खरं आहे. आणि त्यानंतर प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात, प्रत्येक पाहुण्यापुढं काकांनी ते सांगितलं, हेही खरं आहे. आधी अकरा माणसं होती. मग चौदा झाली. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात एकोणीस. गोष्टीच्या शेवटी हनुवटी वर, शर्टाची कॉलर दोन बोटांनी मागं ओढायची आणि ‘मी होतो म्हणून’. मग ऐकणारा काहीतरी म्हणेपर्यंत थांबायचं.

२०२१ मध्ये मी फिल्मचा पहिला आराखडा लिहिला तेव्हा मला एवढंच दिसत होतं. पूर, उड्या मारत येणारा हिरो, वाचवलेल्या माणसांपेक्षा त्यांच्या टाळ्यांवर ज्याचं लक्ष जास्त. शेवटी तो पोझ धरतो, पायाखालचा चिखल सरकतो, तो सगळ्या चौकासमोर तोंडावर पडतो आणि चौक हसतो. अकरा सेकंद. गर्वाचं घर खाली. मला तो शेवट चोख वाटला होता. आपण सगळे कीर्तनातल्या गर्वहरणाच्या गोष्टींवर वाढलो, सत्यभामेच्या तराजूत पडलेल्या तुळशीच्या पानावर वाढलो. गर्विष्ठ माणूस दिसला की तो पडणार कधी, याची वाट बघायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

२०२२ च्या गणपतीत मी सांगलीला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप टीव्हीला जोडून ॲनिमॅटिक लावलं. पेन्सिलीची स्थिर चित्रं, हलत फारसं काही नव्हतं, पण वेळा बसवलेल्या होत्या आणि तात्पुरता आवाज मी स्वतःच दिला होता. घरात चौदा माणसं. काका पुढच्या खुर्चीत, कारण पुढची खुर्ची त्यांचीच असते. दुसऱ्याच शॉटला हनुवटी वर गेली आणि चुलतभाऊ ओरडला, “अरे, काका!” सगळे हसले. काकाही हसले. मोठ्यानं हसले, मांडीवर थाप मारली, “माझ्यावर काढलीस की काय गं?” म्हणाले. मी ‘छे’ म्हटलं नाही. नुसती हसले.

पुढं पुढं ते हसायचे थांबले. मला ते दिसलं होतं. मी टीव्हीकडं बघत नव्हते, त्यांच्याकडंच बघत होते. आम्ही टेस्ट दाखवताना असंच करतो, पडद्याकडं न बघता बघणाऱ्यांकडं बघतो. कुठं हसले, कुठं चुळबुळले, ते टिपून ठेवतो. मांडीवर वही होती. शेवटाला उत्तुंग पडला तेव्हा खोली खदखदून हसली. पडद्यावर चौक हसत होता आणि खोलीत आमचं घर हसत होतं, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. तीन वर्षं साठलेलं हसू होतं ते. मी वहीत लिहिलं, ‘शेवट चालतोय.’

ती वही अजून माझ्याकडं आहे.

संपल्यावर काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पहिल्या चित्रात पाणी नदीकडनं लाट होऊन येतंय दाखवलंयस. तसं येत नाही ते. आधी गटारातनं वर येतं. आपण नदीकडं बघत बसतो आणि ते मागनं न्हाणीघरातनं घरात शिरतं.” एवढं बोलून उठले आणि आरतीचं तबक लावायला गेले.

त्यानंतर काकांनी पुराची गोष्ट सांगितलेली मी ऐकलेली नाही. पुढच्या वर्षी कुणा पाहुण्यांनी आपणहून विषय काढला तर “होतं तेव्हा” म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. घरात सगळ्यांना बरं वाटलं. चुलतभाऊ मला म्हणाला, “ताई, जे आम्हाला जमलं नाही ते तू केलंस.”

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडलं? मीही स्वतःला तेच म्हणत आले. माणसाच्या एका लकबीवरून पात्र उभं करणं हा गुन्हा नाही, आमचा धंदाच तो आहे. ओळखीच्या चाली आणि ओळखीच्या माना घेतल्याशिवाय कुणाच्याही पात्रात जीव येत नाही. आणि काकांचा घरच्यांना होणारा त्रास खरा होता. ती गोष्ट सुरू झाली की काकू स्वयंपाकघरात निघून जायच्या, ते मी लहानपणी नव्हे, मोठेपणी, उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. पण मी त्यांना फिल्म दाखवली ती मत विचारायला नाही. त्यांना चौदा माणसांत बसवून दाखवली, आणि दाखवायची तशीच होती. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

२०२३ च्या मे महिन्यात वल्हं मारण्याचा रेफरन्स हवा म्हणून मी सांगलीवाडीला गेले. तिकडं होड्यांच्या शर्यती खेळणारी माणसं आहेत. पाठ, खांदा, मनगट कुठल्या क्रमानं फिरतं ते चित्रित करायचं होतं. विचारत विचारत ज्यांच्यापाशी पोचले, ती होडी त्यांचीच निघाली. काकांच्या गोष्टीत होडी नेहमी असायची. ती कुणाची, आणि ती वल्हवत कोण होतं, हे एकदाही आलं नव्हतं. मला संताप आला. वाटलं, माझा पहिला शेवटच बरोबर होता, आपटू दे तोंडावर.

मी त्यांना विचारलं, काकांनी नक्की केलं काय? ते वल्हं पुसत म्हणाले, “पुढं बसून हाका मारायचे. दिवे गेलेले. गावभागात मला कोण वळखतंय? अनोळखी माणसाच्या होडीत म्हातारी माणसं बसत न्हाईत ताई. तुमच्या काकांनी नावानं हाक मारली की वरच्या मजल्यावरनं खिडकी उघडायची. त्यांचा आवाज लई मोठा.” किती माणसं काढली, विचारलं तर म्हणाले, मोजली नाहीत. काका तुमचं नाव घेत नाहीत, हे मी सांगून टाकलं. ते म्हणाले, “व्हय, ते खरं.” पुढं काही बोलले नाहीत आणि मला मनगट दाखवायला लागले.

तेव्हापासून शेवट अडला आहे. लोक चिडायचे त्याच मोठ्या आवाजानं खिडक्या उघडल्या होत्या. आणि त्याच आवाजानं वल्हवणाऱ्याचं नाव बुडवलं. यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही. हसणारा चौक ठेवायचा तर अकरा सेकंदांची १३२ चित्रं मला काढावी लागतील, रात्री एकटीनं बसून, प्रत्येक हसणारं तोंड वेगळं. स्थिर ॲनिमॅटिकमध्ये ते चार चित्रांत भागलं होतं, म्हणून तेव्हा कळलं नाही. मी बसून पाहिलं, माझ्यानं होत नाही. नवरा म्हणतो हा हळवेपणा झाला, काका फिल्म बघायला येणार नाहीत, तो शेवट एकदाचा रेखाटून टाक आणि मोकळी हो. कदाचित त्याचं बरोबर असेल.

मध्यंतरी वनपर्वातली भीमाची गोष्ट पुन्हा वाचली. वाटेत पडलेल्या म्हाताऱ्या माकडाचं शेपूट त्याला उचलत नाही, गर्व उतरतो, इतकं आपल्या लक्षात असतं. पण तिथं बघणारं कुणीच नाही. अरण्यात ते दोघंच आहेत. आणि ते माकड म्हणजे हनुमान, वायूचाच मुलगा, भीमाचा थोरला भाऊ. तो नंतर भीमाला मिठी मारतो आणि अर्जुनाच्या ध्वजावर बसायचं कबूल करतो. गर्वहरण झालं ते भावाच्या हातून, एकांतात. माझ्या फिल्ममध्ये मी चौक बोलावला होता.

म्हणून एक शेवट मी असा लिहिला, की उत्तुंग उतरतो, पोझ धरतो आणि चौकात कुणीच नसतं. फक्त नावाडी होडीचा दोर बांधत असतो आणि मान वर करून बघत नाही. ज्यांना दाखवला त्यांतले निम्मे म्हणाले, मग जिरली कुठं? उरलेल्यांना वाटलं की जिरली, आणि त्यांना बरं वाटलं. त्यांना बरं वाटलं म्हणून मी तोही बाजूला ठेवला. नावाड्यानं वर बघावं का, याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि सांगलीवाडीला जाऊन पुन्हा विचारायचा धीर झालेला नाही.

सध्या एवढंच झालंय, की पहिला शॉट मी बदलला. लाट काढून टाकली. आता दुपारचा रिकामा चौक आहे, लोक पाठमोरे उभे राहून नदीकडं बघतायत आणि त्यांच्या मागं गटाराच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय. आठ सेकंद, ९६ चित्रं, पुरी झाली आहेत. काकांना अजून दाखवलेली नाहीत.