टवका

डिसेंबरात तळ्यात सोडायला आणलेल्या कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, पिल्लांत दोन जखमी निघाली. दोन्ही सुपारीएवढी. एकीचा डावा डेंगा (नांगी) मुळातूनच गेलेला, दुसरीच्या पाठीवर उजव्या कडेला टवका उडालेला. नवरा म्हणाला, बिनडेंग्याची टाकून दे, टवका काय, भरून येईल. मी दोघींना वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवलं. कात टाकून मऊ पडलेल्या कुर्लीला बाकीच्या खाऊन टाकतात.

झालं नेमकं उलटं. डेंगा गेला तिथे पातळ पडदा धरला आणि त्यातून मोड आलेल्या मुगासारखा, घडी घातलेला कोंब फुटला. एकोणिसाव्या दिवशी तिने कात टाकली, तेव्हा छोटासा डेंगा उलगडून बाहेर आला. कुर्लीच्या पायात मुळाशी तुटायची जागा ठरलेलीच असते. संकटात ती स्वतःच पाय सोडते, त्यामुळे रक्तही फारसं जात नाही.

पाठीला अशी सोय नाही. टवक्यावर दुसऱ्याच दिवशी काळी खपली धरली. कात टाकताना जुनी पाठ मागच्या बाजूने उघडते आणि कुर्ली मागे सरकत अख्खं अंग, डेंग्यांसकट, बाहेर ओढते. सव्विसाव्या रात्री हिचं सगळं अंग सुटलं, फक्त खपलीपाशी चिकटून राहिलं. तासभर ती तशीच धडपडत होती. हात लावायचा मोह मी आवरला, कारण त्या वेळी अंग लोण्यासारखं मऊ असतं.

पाय तोडले की कात लवकर पडते, हे १९७० मध्ये डोरोथी स्किनर यांनी जमिनीवरच्या खेकड्यांवर दाखवलं होतं. नुकतीच कात टाकलेल्या मऊ कुर्ल्या विकण्याच्या धंद्यात काही ठिकाणी मुद्दाम पाय काढतात, ते यासाठीच. मला ते पटत नाही. नवा पाय उगवायला लागणारा जीव त्या पिल्लाच्या वाढीतूनच जातो. आणि वाहतुकीत पिल्लं एकावर एक रचणाऱ्यांनी तुटलेल्या पायांपेक्षा पाठीकडे आधी बघावं, असं मला फार वाटतं.

तिची कात मी उन्हात धरून पाहिली. आतून ती काळी जागा मसुरीच्या डाळीएवढी, जाड झालेली. कुर्लीच्या नव्या पाठीवर तिथेच एक सुरकुती राहिली आहे.

चार दिवस तिने काही खाल्लं नाही. आज सकाळी तिसरीचा, म्हणजे शिंपल्याच्या मांसाचा, तुकडा टाकला, तो तिने दोन्ही डेंग्यांनी धरला.