रिकामी पिकअप आणि पावसाळ्यातला घाट

आमची रोपवाटिका पावसजवळ आहे आणि आंब्याची व काजूची कलमे घाटावर पोहोचवण्याचा आमचा खरा हंगाम जूनअखेर ते ऑगस्ट असा ऐन पावसातला असतो. भिजलेल्या मातीची एक पिशवी अडीच-तीन किलोंची भरते, त्यामुळे साडेतीनशे-चारशे कलमे हौद्यात रचली की टनभर वजन सहज होते. ही गाडी हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढते, मलकापूरवरून कोल्हापूरकडे जाते आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी रिकामी परत येते. पिकअप पावसाळ्यासाठी तयार करायची म्हणजे भरलेल्या गाडीची काळजी घ्यायची, असे मी अनेक वर्षे मानत आलो. आता माझे मत पक्के बदलले आहे. पावसाळ्याची तयारी परतीच्या रिकाम्या गाडीसाठी करायची असते.

गेल्या वर्षी जुलैत कलमे उतरवून परत येताना, घाट अर्धा उतरल्यावर एका डाव्या वळणावर गाडीचे मागचे अंग उजवीकडे सरकले. वेग फार नव्हता. धुके इतके दाट होते की वेग ठेवणे शक्यच नव्हते. डोंगराकडून जांभ्याच्या मातीचे तांबडे पाणी रस्ता ओलांडून वाहत होते, त्यात मागची चाके शिरली आणि मी त्याच क्षणी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आलो. स्टिअरिंग उलट फिरवून गाडी सावरली, पण ती थांबली तेव्हा पुढचे डावे चाक गटारात होते आणि पुढच्या दिव्यांचा झोत सरळ डोंगराच्या भिंतीवर पडला होता. उजव्या बाजूचा कठडा तेथून चार हातांवर होता. खाली उतरून मी हौद्यात पाहिले, तर तेथे ओली ताडपत्री, दोन फळ्या आणि रिकामी क्रेट एवढेच होते.

या प्रसंगाचा उलगडा मला अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या पुतण्याशी बोलताना झाला. तो हिवाळ्यात आपल्या पिकअपला पुढे बर्फ लोटायचे पोलादी पाते बसवतो आणि शेजारच्या चार-सहा घरांच्या वाटा मोकळ्या करून देतो. पाते आणि त्याची जोडणी मिळून तीन-साडेतीनशे किलो वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकते. पाते उचलले की ते मूळच्या दिव्यांच्या आड येते, म्हणून वेगळे दिवे उंचावर लावावे लागतात. ते रेडिएटरची हवाही अडवते, म्हणून लांबच्या रस्त्यावर इंजिनाच्या तापमानावर नजर ठेवावी लागते. त्याचा सर्वांत जास्त भर मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. तो म्हणाला, “काका, पुढे वजन लटकलं की मागची चाकं हलकी होतात. मी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे वाळूच्या गोणी बांधल्याशिवाय गाडी बाहेरच काढत नाही.” आमच्या गाडीला पुढे पाते नाही, पण हौदा रिकामा असला की इंजिन व केबिन यांचे सगळे वजन पुढे असते आणि गाडी ढकलणारी चाके मात्र मागे असतात. दुखणे तेच आहे.

आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडते. भरलेली गाडी मागे बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, टाकून घेण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि मीही दोन पाटे टाकून घेतले होते. हा हट्ट माझाच होता. असे पाटे टनभर वजनाखाली ठीक वाटतात, पण रिकाम्या गाडीला ते इतके ताठ होतात की चाक रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर खालीवर होण्याऐवजी उडते, आणि उडालेल्या चाकाला ओल्या रस्त्यावर पकड कसली मिळणार? शिवाय ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकचा जोर वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत ही उठाठेव अधिक घातक ठरते. हा व्हॉल्व्ह चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातील अंतरावरून वजन ओळखतो. जादा पाट्यांनी गाडी उचलली गेली की भरलेली गाडीही त्याला हलकी भासते आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा कमी लागतात. मी दोन्ही पाटे काढून टाकले. कंपनीने ठरवून दिलेल्या वजनात राहिले तर मूळचे पाटे पुरतात, हे पहिल्याच खेपेत दिसून आले.

वाळूच्या गोणी मात्र आमच्या कामी येईनात, कारण जाताना भरलेल्या गाडीत त्यांचे दोनशे किलो वजन फुकट वाहावे लागते. त्यावर मी पाण्याचा उपाय केला. पन्नास लिटरचे चार प्लास्टिकचे कॅन जाताना रिकामे नेतो आणि कलमे उतरवल्यावर त्या शेतकऱ्याच्याच मोटारीवर भरून घेतो, म्हणजे नेमके दोनशे किलो वजन होते. कॅन तोंडोतोंड भरलेच पाहिजेत. अर्धवट भरले तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि घात करते. त्यांची जागा मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर. फाळक्याजवळ ठेवले तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते. खाली रबरी चटई आणि वरून दोन बाजूंना ताणलेले पट्टे हवेतच, कारण सुटलेले वजन हे नसलेल्या वजनापेक्षा वाईट. परतीचा माल, म्हणजे पेंड किंवा पशुखाद्याची पोती मिळाली, तर अर्थातच पाण्याची गरज उरत नाही.

टायरमधील हवेबाबतही हाच विचार लागू होतो. भरलेल्या गाडीसाठी मागे भरलेली हवा रिकाम्या गाडीला जास्त होते आणि टायर मधल्या पट्टीवरच टेकतो, म्हणून परतीच्या आधी ती रिकाम्या गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर आणावी. टायरच्या खाचांमध्ये झिजेची खूण म्हणून १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. घाटातल्या पावसात तेथपर्यंत वाट पाहणे मला मान्य नाही, मी मागचे टायर त्याच्या बरेच आधी बदलतो.

ब्रेक ऑइल दरवर्षी मे महिन्यात बदलावे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पण पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइल उकळून ब्रेक निकामी व्हायला एवढा फरक पुरेसा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम खरा आहे. मात्र आमच्यासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत खालच्या गिअरमुळे बसणारा इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच लागतो, आणि ती हलकी असली की त्या झटक्याने घसरतात. म्हणून गिअर उतार सुरू होण्यापूर्वी सरळ रस्त्यावर बदलावा. माझी चूक नेमकी तेथे झाली होती.

रिकाम्या हौद्यावर ताडपत्री आणि कमानी उभ्या ठेवू नयेत; घाटमाथ्यावरचा वारा त्यांत भरतो. हौद्याच्या कोपऱ्यांतील निचऱ्याची भोके पिशव्यांतून सांडलेल्या मातीने हमखास बुजतात, ती तारेने मोकळी करावीत. वाहते पाणी दोन फूट असेल तर पिकअपसुद्धा ते वाहून नेऊ शकते. अशा ठिकाणी कितीही उशीर झाला तरी थांबावे.

या जूनमधल्या पहिल्या खेपेला घाट उतरताना पाऊस गेल्या वर्षीसारखाच होता आणि त्याच डाव्या वळणावर तांबडे पाणीही तसेच वाहत होते. मागचे अंग जागचे हलले नाही. घरी आल्यावर कॅनमधले दोनशे लिटर पाणी आम्ही पंपाने चॅसीखाली मारले, तेव्हा पाट्यांच्या फटींतून आणि मडगार्डच्या आतून तांबडी माती बराच वेळ निघत राहिली. खाऱ्या हवेत हीच ओली माती पत्र्याला धरून बसते आणि गंज तेथूनच सुरू होतो, म्हणून आता परतीचे पाणी त्यासाठीच राखून ठेवतो.