घाटात झटके

आमच्या गॅरेजात गाडी घेऊन आलेल्या सरांचं म्हणणं एवढंच होतं, "गावात काही नाही रे, तुळजापूरचा घाट लागला की गाडी झटके मारते." तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी, डायरेक्ट इंजेक्शनची. दुसऱ्या एका गॅरेजात इंजेक्टर साफ झाले होते, टाकीतला पंप नवा पडला होता. झटके तसेच.

स्कॅनर लावला तर तिन्ही सिलिंडरला मिसफायर, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही, आणि सोबत 'लीन'चा कोड. लीन म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, मग बदला पंप. हा हिशोब अर्ध्या गॅरेजांत असाच होतो आणि गिऱ्हाईक भरडलं जातं. सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, तो ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर येते, तिच्यातला ऑक्सिजन त्याला दिसतो आणि तो लीन सांगतो. पेट्रोल पुरेसं असलं तरी!

आधी काय होतं आणि मागून काय, हे बघायचं तर घाटच गाठायला हवा. एप्रिलचं ऊन, मागच्या सीटवर गॅरेजची दोन पोरं आणि सिमेंटची दोन पोती, एसी चालू. स्कॅनरवर शंभर आकडे दिसतात, पण जितके जास्त निवडाल तितका तो सावकाश वाचतो. मी चारच ठेवले: टर्बोचा दाब, रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब, ऑक्सिजन सेन्सर आणि मिसफायरची मोजणी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीनं तीन झटके दिले. बाजूला थांबून ग्राफ मागं घेतला. रेलचा दाब गाडीच्या कॉम्प्युटरनं मागितला तेवढाच, जागचा हललेला नाही. मिसफायर आधी वाढलेत, लीन त्यांच्या मागून आलंय. पेट्रोल कमी पडलं असतं तर आधी रेलचा दाब पडला असता. म्हणजे रोग ठिणगीत.

परत येऊन ठिणगी पाडणारे प्लग काढले. फट मोजायचा फीलर गेज घातला, ठिणगीचा गॅप 1.1. या इंजिनला 0.7 मिलिमीटर लागतो. टर्बो हवा दाबून भरतो आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. गावात टर्बोचा जोर नसतो, तिथं 1.1 सुद्धा खपून जातो. घाटात ठिणगीला गॅपपेक्षा बाहेरची वाट सोपी पडते. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ होती. प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा रबरी बूट उलटा करून टॉर्च मारला, आत अगदी तशीच रेघ. असा बूट तसाच ठेवून नुसता प्लग बदलला तर रोग परत येतो. बूटही नवे टाकले.

"आधीच्या गॅरेजवाल्यानं साधा प्लग काढून बघितला नाही," मी सरांसमोर बोलून गेलो. प्लग कुणी बसवले ते बघायला सरांनी ग्लोव्ह बॉक्समधून बिलं काढली. बिल आमचं होतं. आठ महिन्यांपूर्वीचं, खाली माझी सही.

त्याच मॉडेलची बिनटर्बोची गाडीही येते. तिच्या प्लगचे आटे तेच, लांबीही तीच. पोरानं दुकानात गाडीचं नाव सांगितलं, टर्बो म्हणाला नाही. मी गावातल्या गावात, सात रस्त्यापर्यंत फेरी मारून गाडी ओके केली होती. सरांनी झटक्यांचा फोन पहिला मलाच केला होता. मी गावाकडं होतो, "आल्यावर बघू" म्हणालो.

तो बिनटर्बोचा प्लग जास्त गरम राहणारा. घाटात पिस्टनला भोक पडू शकलं असतं. कॅमेरा आत सोडून तिन्ही पिस्टन बघितले, शाबूत निघाले, तेव्हा कुठं मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी तीच पोरं, तीच पोती घेऊन घाट चढलो. मिसफायरची मोजणी शून्यावरून हलली नाही.

प्लग, बूट, मजुरी, काहीच घेतलं नाही. पंपाचे पैसे देतो म्हणालो तर सर म्हणाले, "पंप बसवायला होकार मी दिला, तू नाहीस." पण मी त्या फोनवर दोन प्रश्न नीट विचारले असते तर त्यांना तिकडं जावंच लागलं नसतं. रक्कम पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवलीय. त्यांची पुढची सर्व्हिस दिवाळीआधी आहे. घेतील की नाही, कळत नाही.