वजनकाट्यावरची मस्टँग

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातील आमच्या गावात माझे गॅरेज आहे, ते मुख्यतः ट्रॅक्टरचे. पुण्यात नऊ वर्षे परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करून मी गावी परतलो, आणि तेव्हापासून दारात रोटाव्हेटर, पेरणीयंत्र आणि ट्रॉल्या यांच्याखेरीज काही उभे राहील ही आशा सोडून दिली होती. गेल्या जानेवारीत गावाबाहेरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मालकांचा पुतण्या त्याची २०१७ ची फोर्ड मस्टँग घेऊन आला. पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती, आणि डिकीत सस्पेन्शनच्या मागच्या लिंकचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचा, नवा संच.

त्याची तक्रार त्याने नेमक्या शब्दांत सांगितली. "भाऊ, एक्सलरेटर दाबला का मागचा भाग आपल्या मनानं वळते, अन् सोडला का दुसऱ्या बाजूला जाते. जागेवरून जोरात उचलली तर मागची चाकं थडथड उड्या मारतेत."

मस्टँगच्या मागच्या बाजूला, मोजके अपवाद सोडले तर, २०१४ पर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखा एकसंध ॲक्सल असे. २०१५ च्या मॉडेलपासून दोन्ही चाके स्वतंत्र झाली आणि प्रत्येक चाक एका रुंद खालच्या आर्मने आणि तीन लिंकने धरले जाऊ लागले. त्यांपैकी कॅम्बर लिंक चाकाचा वरचा कल ठरवते, छोटी उभी लिंक वेग घेताना आणि ब्रेक लावताना चाक ज्यावर बसते तो ठोकळा पिळू देत नाही, आणि टो लिंक चाकाचे तोंड कोणत्या दिशेला राहील ते ठरवते. या लिंकच्या टोकांना रबरी बुश, म्हणजे सांध्यात बसवलेल्या रबराच्या नळ्या, असतात. रस्त्याचा हादरा आणि आवाज आत येऊ नये यासाठी ते मुद्दाम मऊ ठेवलेले असतात, पण ४०० अश्वशक्तीचा जोर आला की तेच रबर दबते आणि चाक तेवढ्यापुरते आपली दिशा बदलते. पुढचे चाक वळले तर हातातल्या स्टिअरिंगला कळते. मागचे वळले तर ते चालकाच्या पाठीला कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. सत्तरच्या दशकात पोर्शेने ९२८ या गाडीसाठी वाइसाख ॲक्सल बनवला, त्यात वेग सोडल्यावर मागची चाके उलट आतल्या बाजूला वळतील अशी रचना केली होती. रबर आणि लिंक यांचा हिशेब नीट बसवला तर हे साधते, हे पुण्यात आमच्या फोरमनने आम्हाला खडूने फरशीवर काढून शिकवले होते.

तपासणीत त्याच्या गाडीचे टो लिंकचे आतले बुश कडेने फाटलेले निघाले. पहारीने हलवल्यावर लिंक डोळ्यांना दिसेल एवढी सरकत होती.

त्याला तिन्ही जोड्या बदलायच्या होत्या. नव्या लिंकच्या टोकांना रबर नव्हते, पोलादी खोबणीत फिरणारा गोळा, म्हणजे रॉड एंड होता. मी दोनच जोड्या बसवायला तयार झालो: टो लिंक आणि उभी लिंक. आमच्याकडच्या काळ्या मातीत आणि कापसाच्या तंतूंत रॉड एंड फार टिकत नाही, आवाजही करतो. चाकाची दिशा आणि पीळ जिथे धरायचा तिथेच पोलाद असावे, बाकी ठिकाणी रबर राहू द्यावे, हे माझे मत मी त्याला स्पष्ट सांगितले. तो नाराज झाला, पण मानला.

नवी टो लिंक पाहिली आणि मला हसू आले. षटकोनी नळी, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे आटे, दोन्हीकडे लांबी पक्की धरणारे चेक नट. नळी एका बाजूला फिरवली की लांबी वाढते, दुसऱ्या बाजूला फिरवली की कमी होते. मागचे औजार वरून धरणारी ट्रॅक्टरची टॉप लिंक याहून वेगळी नसते, फक्त जाडीला आणि गंजाला अधिक. या लिंकचे आटे दीड मिलिमीटरचे होते, म्हणजे नळी एक फेरा फिरली की लांबीत तीन मिलिमीटरचा फरक आणि षटकोनाची एक बाजू फिरली की अर्ध्या मिलिमीटरचा.

लिंक संध्याकाळी बसवायला घेतल्या. अर्ध्यात वीज गेली आणि उरलेले काम मी बॅटरीच्या उजेडात पुरे केले. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

खरा प्रश्न अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा होता. यंत्र असलेले दुकान दूर, आणि सेटिंग अंदाजाने असलेली अशी गाडी हायवेने तिथवर न्यायला माझे मन धजेना. टो, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर पाहते ते माप, दोरीनेही काढता येतो, पण त्यासाठी सपाट आणि पाणसळीत असलेली जागा लागते, आणि माझ्या गॅरेजच्या फरशीवर टाकलेला नट आपोआप दाराकडे घरंगळतो. तेव्हा मला जिनिंगच्या वजनकाट्याची आठवण झाली. काट्याचा पाट भरलेल्या ट्रकच्या लांबीचा असतो, आणि तो पाणसळीत नसेल तर काटा वजनच नीट दाखवत नाही.

हंगाम चालू होता. काटाबाबूंनी पहाटे पाचची वेळ दिली आणि बजावले, "सात वाजता कापसाच्या गाड्या लागतीन. मंग मले सांगू नका थांबा म्हणून."

थंडीत आम्ही काम सुरू केले. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये ग्रीस, म्हणजे टायर फरशीला चिकटून खोटे माप देणार नाही. चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाच्या जागी सरकीच्या ढेपेचे एक पोते. गाडीच्या पुढे आणि मागे घोड्यांवर दोन पाइप, दोन्हींना सारख्याच अंतरावर खाचा, आणि त्यांतून चाकाच्या आसाच्या उंचीला दोन्ही बाजूंनी ताणलेली गवंड्याची दोरी. या गाडीची मागची चाके पुढच्यापेक्षा बाहेर असतात, त्यामुळे दोरीपासून मागच्या आसाचे अंतर पुढच्यापेक्षा कमी भरते. ते भरू द्यावे, मात्र डाव्या आणि उजव्या बाजूचे अंतर एकच हवे. ते जुळायला अर्धा तास गेला.

मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजले. १९ इंची रिमवर या दोन मापांत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाहून थोडा जास्त कोन. पुढची कड दोरीपासून अधिक दूर असेल तर चाक आत पाहते, आणि मागच्या चाकाने किंचित आतच पाहिले पाहिजे. मी दोन्ही बाजूंना एक-एक मिलिमीटर ठेवले, चेक नट आवळले, पुन्हा मोजले. सव्वासहा वाजले होते आणि पुतण्या चहा सांगायला गेला.

इथे थांबलो असतो तर कोणाला काही कळले नसते. पण पुण्यातली एक सवय अंगात होती: गाडी उभी असतानाचे माप हे अर्धेच माप असते. मी डिकीत ढेपेची तीन पोती टाकायला सांगितली. काट्यावरचा आकडा १५० ने वाढला, गाडीची मागची बाजू सव्वा इंचाने खाली बसली. दोरी जशी होती तशीच होती, कारण गाडी दबली तरी चाकाचा आस जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. डावे चाक मोजले, फरक केसाएवढा. उजवे मोजले, तर एक मिलिमीटर आत पाहणारे चाक आता दीड मिलिमीटर बाहेर पाहत होते.

मी पट्टी पुसून पुन्हा मोजले. तेच.

चाक वर जाते तेव्हा खालचा आर्म आणि टो लिंक आपापल्या कंसात फिरतात. दोन्ही कंस एकमेकांशी जुळले तर चाकाचे तोंड जागेवर राहते. टो लिंकचे बाहेरचे टोक थोडे जरी वर किंवा खाली बसले, तर कंसांची जुळणी मोडते आणि प्रत्येक खड्ड्यावर चाक स्वतःच वळते. ट्रॅक्टरची टॉप लिंक वरच्या भोकात लावली की खालच्या, यावर औजाराची चाल बदलते, हे मी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. आणि माझ्याच हातून उजव्या बाजूला जाड स्पेसर, म्हणजे उंची ठरवणारी कडी, गोळ्याच्या वर बसला होता, जो खाली बसायचा होता. बॅटरीच्या उजेडात दोन्ही स्पेसर सारखेच दिसले होते. टो उभ्या गाडीवर बरोबर आला, कारण चुकलेली उंची मी लांबीने भरून काढली होती.

पुतण्या चहाचे ग्लास घेऊन आला तेव्हा मी त्याला चूक माझी असल्याचे सांगितले. तो काही बोलला नाही, फक्त चाकाकडे पाहत राहिला. तोवर फाटकाबाहेर कापसाच्या चार गाड्या लागल्या होत्या आणि काटाबाबू घड्याळाकडे पाहत होते. आम्ही दोऱ्या गुंडाळल्या आणि गाडी अगदी सावकाश बाजूच्या शेडमध्ये नेली. तिथे उजवी बाजू खोलली, स्पेसर उलटवला, बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काटाबाबूंनी स्वतःहून बोलावले. पुन्हा दोऱ्या, पुन्हा पत्रे, पुन्हा पोती. या वेळी १५० किलो टाकल्यावर दोन्ही बाजूंचा फरक पट्टीवर वाचता येण्याइतकाही उरला नाही. काटाबाबूंनी गंमत म्हणून वजनाची पावती फाडून दिली. माल या रकान्यात त्यांनी "ढेप" लिहिले होते.

संध्याकाळी आम्ही विरूळच्या इंटरचेंजवरून समृद्धी महामार्गावर चढलो. १२० च्या मर्यादेत राहूनही फरक कळत होता. एक्सलरेटर दाबला तरी आणि सोडला तरी गाडीचा मागचा भाग रेघ सोडत नव्हता. मात्र काँक्रीटच्या प्रत्येक सांध्यावर मागून बारीक टक्-टक् ऐकू येत होते. पुतण्याने विचारले, तेव्हा मी सांगितले की हा आवाज आता राहणार, आणि पाचशे किलोमीटरनंतर चेक नट तपासायला यायचे.

तो आला. नट जागेवर होते. पुढे जुलैत पुन्हा आला, तेव्हा डाव्या टो लिंकच्या रॉड एंडवरचे धूळ अडवणारे रबरी आवरण फाटून आत चिखल गेला होता आणि गोळ्यात किंचित खेळ आला होता. तो रॉड एंड बदलला, आणि कॅम्बर लिंकचे जुने रबरी बुश पहारीने हलवून पाहिले. ते शाबूत होते. त्या जोडीचा नवा संच अजून माझ्या कपाटात, त्याच्या खोक्यातच पडून आहे.