तुम्ही विचारलंत म्हणून: रायतूरला कशासाठी?

गोव्यातल्या शिरोड्याला कामाक्षीच्या दर्शनाला गेले की मी झुआरी ओलांडून रायतूरच्या सेमिनारीतही, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयातही, जाऊन येते. बरोबरची मंडळी दर वेळी विचारतात, "कुलदेवीला जाता ते समजलं, पण पाद्र्यांच्या चर्चमध्ये तुमचं काय काम?"

आमची कामाक्षी मुळात रायतूरच्याच बाजूची. शेजारचं राय हे तिचं गाव. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलात सासष्टीतली, म्हणजे या राय-रायतूरच्या भागातली, देवळं पाडली गेली, तेव्हा भक्तांनी तिला नदीपार अंत्रुजात, म्हणजे शिरोड्याच्या भागात, नेलं. ते दुःख आमच्या घरात अजून बोललं जातं. मीही ते विसरलेले नाही.

सेमिनारीच्या वास्तूचा पाया १ नोव्हेंबर १६०६ रोजी, सकल संतांच्या सणाला, जेजुइट या संघाच्या पाद्र्यांनी घातला. आधी नावही सकल संतांचंच होतं. १६२२ मध्ये जेजुइटांचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याला संतपद मिळालं आणि त्याचं नाव आलं. पुढे जेजुइटांना पोर्तुगीज सरकारनंच हाकललं, तरी पाद्री घडवण्याचं काम इथे आजही चालतं.

मी जाते ती १६१६ साठी. त्या वर्षी इथल्या छापखान्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या! छपाईचे नागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी रोमन अक्षरांत जुळवली. हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला, जवळजवळ ४० वर्षं इथेच राहिला, आणि रत्नांत जसा हिरा तशी भाषांत मराठी, असं लिहून गेला. त्याच्या पुराणात नव्यानं ख्रिस्ती झालेला एक जण गुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? ते वाचताना माझ्या पोटात तुटतं. नदी न ओलांडता मागे राहिले त्यांचं हे मागणं आहे. आमच्याच भाऊबंदांचं. देव बदलला तरी त्यांना ओवी हवी होती.

त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. वास्तू तेवढी उरलीय. म्हणून मी तिथे जाऊन बसते.

मागच्या खेपेला संध्याकाळची प्रार्थना चालू होती. मी शेवटच्या बाकावर होते. समोरची गुडघे टेकायची फळी मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. मुलं कोंकणीत गात होती. शेजारच्या मुलानं न बोलता आपलं गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. कोंकणी, रोमन अक्षरांत. मी एकेक अक्षर लावत गेले. 'देवा' लागला, मग 'काळीज' लागलं, आणि तिसऱ्या ओळीपासून मीही त्यांच्याबरोबर म्हणू लागले.