अकरावीला गणित झेपेल का, हे आम्ही कसं तपासलं

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे चाळीसगावला एकच प्रश्न, सर, पोराला गणित ठेवायचं का बायो? आणि हातात मार्कशीट. मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवतो. ह्या वेळी ठरवलं की नुसती मार्कशीट बघून हो-नाही सांगायचं नाही, आधी एक पेपर द्यायचा आणि मग बोलायचं. कारण गणितातले ८० म्हणजे काय ते बघा, बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० अंतर्गत, ते २० बहुतेकांना जवळपास पूर्ण मिळतात, म्हणजे लेखीत उरले ६०, आणि त्यातलेही बरेचसे दरवर्षी येणाऱ्या ठरलेल्या टाइपचे.

स्टाफरूममध्ये आधी कुरकुर झाली, पोरं घाबरून दुसरीकडे जातील म्हणे. पण अॅडमिशन २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, त्याच्याशी आपल्या पेपरचा संबंधच नाही. पहिल्या आठवड्यात घ्यायचा, विषय बदलायला वेळ असतो तेव्हाच, आणि नापास कोणालाच करायचं नाही. एवढ्यावर प्राचार्य तयार झाले.

पेपर एक तासाचा, सगळं आठवी ते दहावीतलंच, मराठी-इंग्रजी दोन्हीत छापला, नाहीतर मराठी मिडियमच्या पोरांचं इंग्रजीच तपासलं जातं. पहिला प्रश्न साधा, (एक्स वर्ग − ९) भागिले (एक्स − ३). उत्तर एक्स + ३, बहुतेकांचं बरोबर. पण कच्चं काम बघितलं तर बऱ्याच जणांनी वरचा एक्स वर्ग खालच्या एक्सने कट केला, ९ ला ३ ने कट केलं, वजाला वजाने भागून अधिक केलं आणि आलं की एक्स + ३! म्हणून त्याच्या लगेच खाली मुद्दाम (एक्स वर्ग + ९) भागिले (एक्स + ३) ठेवलं होतं. ह्याला सरळ रूप नाहीच, जसंच्या तसं राहतं. कट करणाऱ्यांनी इथेही एक्स + ३ लिहून ठेवलं. एक्सच्या जागी १ घालून बघितलं असतं तर १० भागिले ४ म्हणजे अडीच, आणि ह्यांचं उत्तर ४. हे पोरगं पुढे अकरावीच्या लिमिटच्या धड्याला काय करणार, तिथे तर पहिल्याच दिवशी असलं फॅक्टर काढून कट करायचं असतं.

दुसरा प्रश्न, साइन (३० + ६०) हे साइन ३० + साइन ६० एवढं येतं का, पडताळा. साइनच्या किमतींचं टेबल सगळ्यांना पाठ, तरी निम्म्यांनी किंमती घातल्याच नाहीत, 'होय, कंस सोडवला' असं लिहिलं. एका पोरीने मात्र अर्धा अधिक ०.८६६ करून १.३६६ काढलं आणि शेजारी लिहिलं, साइन १ च्या वर जात नाही म्हणून चूक. मला असं पोर पाहिजे, बाकी सूत्रं मी शिकवतो.

शाब्दिक उदाहरण एकच. चाळीसगावहून धुळ्याला जाताना गाडी ताशी ४०, येताना ६०, एकूण सरासरी वेग किती? ५० लिहिणारे ढीगभर. काही जण उठून म्हणाले, सर अंतर छापायचं राहिलंय. एकाने स्वतःच ५५ किलोमीटर धरलं, वेळेचे भयंकर अपूर्णांक आले, खोडाखोड करून पान भरलं, पण शेवटी ४८ काढलेच. १२० धरलं असतं तर दोन ओळीत सुटलं असतं (जाताना ३ तास, येताना २, म्हणजे २४० भागिले ५), पण धरायची हिंमत केली हे महत्त्वाचं. (पाटणादेवी आमच्यापासून जवळच, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख पाटणलाच सापडला, आणि आमची पोरं शाब्दिक उदाहरण दिसलं की पान उलटतात!)

पेपरनंतर ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांना एकेक करून बोलावलं. १ + ३ + ५ + ७ असं करत गेलं की बेरीज नेहमी वर्गच का येते, फळ्यावर बोलत बोलत सांग. श्रेढीचं सूत्र घालून उत्तर काढलं तरी चालेल, पण का विचारल्यावर पोरगं गप्प बसतं का काहीतरी खरडून बघतं, ते मी बघत होतो.

निकाल सांगायचा तर दहावीच्या गणितात ९५ च्या वरचे बहुतेक तयारच होते, त्यात मार्कशीट खोटं बोलत नाही. ६० च्या खालच्यांना अवघडच गेलं. खरा गोंधळ ७५ ते ९० मध्ये, तिथे पोराच्या मार्कांवरून काहीच कळत नाही.

मग पालक. एक कपाशीवाले काका पेरणीच्या गडबडीत आले, म्हणे दोन्ही ठेवू द्या ना सर, डॉक्टर नाही तर इंजिनिअर. त्यांना मार्क सांगितलेच नाहीत, पोराची वही समोर ठेवली आणि कट केलेलं दाखवलं. पोरगं स्वतःच म्हणालं, पप्पा मला बायोच बरं. काहींनी ऐकलं नाही, त्यांचा हक्क आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीला गणिताचे एकट्याचे १०० मार्क असतात एवढं मी सांगून ठेवलं.

मधल्यांसाठी सकाळी सातला जादा तास काढला, नुसतं अपूर्णांक, अवयव, चिन्हं आणि आलेख. पोर्शन मागे पडला थोडा, पडू दे. पेपर कोणाला वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त आकडे बदला, आमचे प्रश्न क्लासवाल्यांकडे कधीच पोचलेत.