जामजवळची थांबलेली रुग्णवाहिका
आज संध्याकाळी हिंगणघाटला कापूस विकून परतताना जाम गावाच्या अलीकडे १०८ ची रुग्णवाहिका दिवे लावून रस्त्याच्या कडेला उभी दिसली आणि तिच्या मागे एक कर्मचारी वाकून जखमीला स्ट्रेचरवर घेत होता. मी गाडीचा वेग कमी करून पलीकडच्या लेनमध्ये गेलो; मागून आलेली ट्रॅव्हल्स मात्र त्या कर्मचाऱ्याच्या जेमतेम हातभर अंतरावरून, हॉर्न वाजवत, निघून गेली.

रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, पण ते कलम मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेबद्दल आहे, थांबलेल्या नव्हे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाने १९९६ मध्ये नेमका थांबलेल्या वाहनांसाठी कायदा केला : शक्य असल्यास शेजारची लेन सोडा, नसल्यास वेग कमी करा. २०१२ पर्यंत तो सर्व ५० राज्यांत आला.

आपल्याकडे तर पंक्चर झालेल्या कापसाच्या ट्रॅक्टरमागे दिवाही नसतो. दगड आणि पळसाची फांदी ठेवतात. (माझ्याही ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हते. उद्या लावून घेतो.)